कुठंही न थांबणारं जहाज

आमच्या घरात तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय कुठलीही वस्तू येत नाही. मी जालन्याच्या एका सरकारी कार्यालयात भांडारपाल आहे. ज्या माणसानं उभी नोकरी टाचण्यांपासून टेबलांपर्यंत सगळं तीन दरपत्रकांवर घेतलं, त्याला दुकानात शिरून सरळ एक मिक्सर उचलून आणणं जमत नाही. चोरी केल्यासारखं वाटतं. तिघांकडून लेखी दर घ्यायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, ज्याचा दर सगळ्यात कमी त्याचा माल घ्यायचा, आणि तो माल आठवडाभरात बिघडला की निदान नियम पाळला याचं समाधान मानायचं, अशी माझी पद्धत आहे. लग्नाच्या वेळीही मी तीन स्थळं पाहिली होती. हे एकदा बोलण्याच्या ओघात ज्योत्स्नाला सांगून बसलो. तेव्हापासून चार पाहुणे जमले की ती हमखास विचारते, "मंग मी काय सगळ्यात कमी दराची निघाले व्हते का?" या प्रश्नाचा समाधानकारक खुलासा मला अद्याप सादर करता आलेला नाही.

अपवाद फक्त आमच्या दीपमालाचा. एकुलती एक मुलगी, आणि तीच तेवढी तुलना न करता मिळाली. नर्सिंगचं शिक्षण तिनं संभाजीनगरला घेतलं, परीक्षेत पहिली आली, आणि मग एक दिवस जेवताना म्हणाली की मी जर्मन शिकते. मला वाटलं, शिकू दे, विद्या वाया जात नाही. विद्या खरंच वाया गेली नाही. तिकडच्या एका दवाखान्यानं तिची मुलाखत मोबाईलवरच घेतली आणि जुलैच्या बॅचमध्ये तिची निवड झाली. त्या देशात म्हातारी माणसं फार आणि त्यांना बघायला माणूस नाही, म्हणून बदनापूरहून माणूस न्यायचं ठरलं होतं.

गावात मोठं कौतुक झालं. विहारात सत्कार झाला, तिला पुस्तक दिलं, मला शाल दिली. मी भाषणात म्हणालो की मला अतिशय आनंद होत आहे. भाषणात माणूस दुसरं काय म्हणणार? टाळ्याही बऱ्याच पडल्या. घरी येऊन शाल घडी करून ठेवली आणि मग बराच वेळ कपाटासमोर कशासाठी उभा आहे ते मला आठवेना.

जहाजाची कल्पना मला आगगाडीत सुचली. बदनापूर ते जालना हा प्रवास मी रोज करतो. समोरच्या बाकावरचा माणूस वर्तमानपत्र वाचत होता आणि त्याची मागची बाजू मी वाचत होतो. तिथं जाहिरात होती. पांढरंशुभ्र जहाज, कठड्याला टेकलेले आईबाप, त्यांच्यामध्ये त्यांची मोठी मुलगी, आणि चहूकडं पाणी. खाली लिहिलं होतं, कुटुंबासोबत अविस्मरणीय सुट्टी. मला सुट्टीचं काही वाटलं नाही. मी बघत राहिलो ते पाणी.

कारण असं की दीपमाला घरी असून घरी नव्हती. सकाळच्या गाडीनं ती क्लासला जायची. संध्याकाळी आली की खोलीत मोबाईलवर दुसरा क्लास. जेवताना कानात वायर. रविवारी मैत्रिणी यायच्या आणि त्यांना निरोप द्यायला ती जी कोपऱ्यापर्यंत जायची ती तासाभरानं परत यायची. पोरीचा काही दोष नव्हता. तिला परीक्षा होती. पण मी मनातल्या मनात हिशेब घालून बघितला, की जुलैपर्यंत ही आपल्या वाट्याला किती येईल, आणि हिशेब करणाऱ्या माणसालाही तो आकडा बघवेना. जहाजाचं तसं नाही. समुद्रात पोरगी जाणार कुठं? चार दिवस उतरायची सोयच नाही. तिला आमच्यासमोर बसावंच लागलं असतं.

घरी हे कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ज्योत्स्ना रडली असती आणि दीपमाला हसली असती, किंवा उलटं. मी एवढंच म्हणालो की माझी समुद्र बघायची लई दिवसांची इच्छा आहे. वास्तविक घाणेवाडीच्या तलावापेक्षा मोठं पाणी बघायची मला कधीच इच्छा झालेली नाही.

"एवढं कशाला पप्पा," दीपमाला म्हणाली, "एक दिवस वेरूळला जाऊन येऊ की तिघं."

मी साफ नकार दिला. वेरूळहून परत यायला दिवसभर गाड्या आहेत.

आता तुलना आली. आपल्याला वाटतं जहाज म्हणजे जहाज. तसं नाही. जहाजांच्या कंपन्या असतात, त्यांच्या एकाहून एक सरस पुस्तिका असतात आणि मोठं मूल बरोबर असलेल्या कुटुंबांसाठी वेगळं पान असतं. कारण लहान पोरं कशातही रमतात, मोठी पोरं आईबापाबरोबर कंटाळतात, हे जगभरच्या जहाजवाल्यांना ठाऊक आहे. त्यावर त्यांनी जे उपाय केलेत ते मी चष्मा पुसून दोनदा वाचले. सिंगापूरहून सुटणाऱ्या एका कंपनीनं तरुण मुलांसाठी अख्खा मजला वेगळा ठेवला होता. तिथं गाणी, खेळ, सिनेमा, आणि पालकांना प्रवेश नाही. इतर लोक या गुणाला भाळून तिकीट काढत असतील. मी तक्त्यात त्या कंपनीसमोर शून्य मांडलं. दुसरी कंपनी युरोपातली. तिचं जहाज रोज सकाळी नव्या गावाला लागायचं आणि माणसं दिवसभर गावात हिंडायची. म्हणजे पुन्हा उतरायची सोय. शिवाय युरोप दीपमाला पुढं बघणारच होती, आणि तोही आमच्यावाचून. तिसरी कंपनी मुंबईहून निघून, कुठंही न थांबता गोव्याकडची हवा खाऊन, मुंबईलाच परत येणारी. तिच्या जहाजावर एकाच खोलीत तिघांची सोय होती आणि जेवायला घराघराचं एकेक टेबल होतं. ती मला मनापासून आवडली.

मी त्या कंपनीच्या मुंबईच्या एजंटबाईंना फोन केला. तृप्ती नाव होतं त्यांचं, बोलायला फार गोड. बिचाऱ्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "सर, एक आधीच सांगते. खोल समुद्रात इंटरनेट फार स्लो असतं."

"किती स्लो? बंद पडतं का?"

"कधी कधी पूर्ण बंद पडतं, सर."

"हे लेखी द्याल का?"

त्यांनी माझं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. असं गिऱ्हाईक त्यांना आजवर भेटलं नसावं.

ही बातमी गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. शेजारी पाशामियाँ राहतात. कुलर दुरुस्तीचं दुकान पुतण्याला देऊन ते आता पूर्णवेळ सल्ला देतात. मूत्रपिंडातल्या खड्यापासून ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपर्यंत त्यांचं मत तयार असतं, आणि जहाजाबाबत तर त्यांचा अधिकारच होता. त्यांचे वालिद, म्हणजे वडील, फार वर्षांपूर्वी मुंबईहून जहाजानं हजला गेले होते. पाशामियाँ तेव्हा जन्मले नव्हते, पण ऐकून ऐकून तो प्रवास त्यांनी स्वतः केल्यासारखाच झाला होता. त्यांनी मला सुंठ किती न्यायची, लिंबं किती न्यायची, वारा कुठल्या बाजूनं आला तर डोकं कुठं करून झोपायचं हे सगळं सांगितलं. जहाजावर पिण्याचं पाणी नासतं, तेव्हा दोन मोठे कॅन घरूनच न्यावेत असं त्यांचं ठाम मत होतं. मी म्हणालो, आता जहाजावर पोहायचा तलाव असतो, पाशाभाई. ते म्हणाले, "समुंदरात पोहायचा तलाव? मंग त्यांनी बराबर तुम्हालाच हेरलं."

त्यांचा मुलगा नदीम सौदीला आहे, दम्मामला. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल येतो आणि तो आवाज भिंतीतून आमच्याकडं ऐकू येतो. दीपमालाचं ठरल्यापासून पाशामियाँ मला धीर द्यायचे. "कायबी फिकीर करू नका संघपालभाऊ. मोबाईल हाय ना. पोरगं बिलकुल समोर बसल्यावानी वाटतं." ते इतक्या सहज म्हणायचे की मला खरंच बरं वाटायचं. त्यांच्या मागं उभ्या त्यांच्या पत्नी मैमूनाभाभी अशा वेळी तांब्या उचलायच्या. त्या दारातल्या कुंड्यांना पाणी घालत राहायच्या.

माझे वडील तातेराव, म्हणजे आमचे दादा, धावड्याला गावी असतात. त्यांना फोनवर सांगितलं तर त्यांनी सगळी चौकशी केली. जहाज निघतं कुठून? मुंबईहून. मधे कुठं थांबतं? कुठंच नाही. मग पोचतं कुठं? मुंबईला. दादांनी हे सगळं माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाले की येवढा खर्चा करून जिथं व्हते तिथंच यायचं, तर मग हालायचं कशाला? मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण खरं सांगायचं तर प्रश्न बिनतोड होता.

आता दरपत्रकं तीन पाहिजेत. तीन कंपन्यांचे दर घेतले, तर त्यातल्या दोन कंपन्यांच्या जहाजांना पासपोर्ट लागत होता. मी ठरवलं, तुलना खरीखुरी व्हायची तर आम्हा नवराबायकोचे पासपोर्ट काढून ठेवावेत, कारण ज्या वस्तूला आपण पात्रच नाही तिची तुलना करणं नियमात बसत नाही. इथं ज्योत्स्नाचं नाव आडवं आलं. तिचं माहेरचं नाव बेबीनंदा. लग्नात आमच्या आत्याबाईंनी ते बदलून ज्योत्स्ना ठेवलं, तांदळात लिहिलं, लोकांनी पेढे खाल्ले, आणि सरकारला कळवायचं राहून गेलं. शाळेच्या दाखल्यावर बेबीनंदा, आधारवर ज्योत्स्ना. पासपोर्ट कचेरीच्या खिडकीतले साहेब म्हणाले की या बाई आणि त्या बाई एकच आहेत याला पुरावा काय?

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही पुरावा होऊ शकत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपण आपल्या बायकोचा पुरावा होऊ शकत नाही हे भर रांगेत ऐकणं काही सुखाचं नाही. मी तिथंच दोन-तीन शासन निर्णय तोंडपाठ म्हणून दाखवले, त्याचा उपयोग झाला नाही. राजपत्रात नाव छापून आणा, मग या, असं ठरलं. बाहेर आल्यावर मला वाटलं ज्योत्स्ना चिडली असेल. ती रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाली, "बेबीनंदा म्हणून हाक मारली त्या साहेबांनी. आई गेल्यापासून कुणी मारली नव्हती." मग तोंड फिरवून ती रस्त्याकडं बघत बसली. मीही दुसरीकडं बघितलं. एक दिवस आपली दीपमालाही अशीच कुठंतरी खिडकीसमोर उभी राहील आणि तिचं नाव कुणीतरी वेगळ्याच तऱ्हेनं उच्चारील, हे माझ्या मनात आलं आणि ते जाईना.

राजपत्र काही लवकर निघायचं नव्हतं, तेव्हा दोन परदेशी कंपन्या आपोआप बाद झाल्या. उरलं एकच जहाज, मुंबईहून मुंबईला जाणारं. मला तेच हवं होतं. साध्या माणसानं इथं देवाचे, म्हणजे आपलं, नशिबाचे आभार मानून तिकीट काढलं असतं. पण एका दरपत्रकावर खरेदी? माझा हात पुढं होईना. मी त्याच जहाजाचे दर तीन एजंटांकडून मागवले. मुंबईच्या तृप्तीबाई, संभाजीनगरचा एक, आणि जालन्याचे बद्रीनाथ, ज्यांचं मूळ दुकान बॅगांचं आहे आणि प्रवासाचा धंदा ते बॅगांच्या मागच्या टेबलावर करतात.

तिन्ही पाकिटं आली. दीपमाला आणि ज्योत्स्ना यांच्यासमोर मी ती रीतसर उघडली. तिन्ही दर एकसारखे होते.

भांडारपालाच्या आयुष्यात याहून संशयास्पद गोष्ट नाही. तीन दर सारखे आले की पुरवठादारांनी आपापसात संगनमत केलं असं समजायचं आणि सगळी प्रक्रिया रद्द करून नव्यानं दर मागवायचे, हा आमच्याकडचा परिपाठ. मी बद्रीनाथांकडं गेलो आणि खुलासा मागितला. ते बॅगेची चेन दुरुस्त करत होते. म्हणाले, "साहेब, जहाज एकच हाय. दर कंपनी ठरवती. मी काय तुम्हाला दुसरा समुद्र आणून देऊ का?"

त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि प्रक्रिया वेगळी. मी तिघांनाही कळवलं की फेरदर मागवण्यात येत आहेत. ज्योत्स्ना म्हणाली, अहो, घ्या की तिकीट, पोरीच्या जायची तारीख जवळ येऊन राह्यली, तिच्या स्वेटरांचं बघायचं, काळ्या मसाल्याचं बघायचं, तुमचं काय चाललंय हे. मी तिला नियम समजावून सांगितले. बद्रीनाथांनी फेरदरात तोच दर लिहून वर एक बॅग फुकट देऊ केली. संभाजीनगरच्यानं उत्तरच दिलं नाही. म्हणजे दरपत्रकं दोनच झाली. मी आणखी एकाला पत्र पाठवलं.

असं करता करता मे महिना अर्धा झाला.

संध्याकाळी जालन्याहून माझी गाडी आधी येते आणि संभाजीनगरकडून दीपमालाची नंतर. मी बदनापूरच्या फलाटावर बाकड्यावर बसून तिची वाट बघतो, आणि मग आम्ही दोघं चालत घरी जातो. त्या दिवशी बसलो असताना तृप्तीबाईंचा फोन आला. पावसाळ्यात जहाजं बंद होतात, आता शेवटची फेरी उरली आहे, आणि तिघांची खोली संपली आहे, असं त्या म्हणाल्या. तुम्हा दोघांना एक खोली मिळेल. मुलीला वेगळी, दोन मजले खाली.

"तिला आवडेल, सर," त्या म्हणाल्या. "मोठ्या मुलांना आपली आपली जागा लागते. आणि तुम्हा दोघांनाही जरा मोकळा वेळ मिळेल."

माझं काय झालं मला कळलं नाही. इतके दिवस ज्या बाईंशी मी अदबीनं बोलत होतो, त्यांच्यावर मी ओरडलो. "मला मोकळा वेळ नको आहे हो. जुलैपासून मरेपर्यंत मला मोकळाच वेळ आहे. पोरगी समोर बसावी, कुठं जाऊ नये, एवढ्यासाठी मी जहाज शोधतोय. ते तुमच्या एकाही कंपनीकडं नाही."

फोन ठेवला आणि वर बघितलं. गाडी येऊन गेली होती. माणसं जिन्याकडं चालली होती आणि दीपमाला माझ्यासमोर दप्तर धरून उभी होती.

ती शेजारी बसली. तिनं दप्तर मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला समुद्र बघायचाय."

"समुद्र काय, टीव्हीवर बी दिसतो," मी म्हणालो.

"पप्पा, दुसरी बॅच डिसेंबरात हाय. मॅडम म्हणल्या व्हत्या, ज्याला अडचण असंल त्यानं सांगा. मी त्याच्यात नाव टाकते. ऑक्टोबरात जहाज सुरू झालं की जाऊ आपण. तिघांची खोली आत्ताच धरून ठेवा."

ती खरंच बोलत होती. तिनं मोबाईलही हातात घेतला होता, मॅडमचा नंबर काढला होता. मी फक्त मान हलवायची होती. पाच-सहा महिने ती घरी राहिली असती. मला ते किती हवं होतं हे मी कुठल्याही भाषणात सांगू शकणार नाही. तोंडात "हो" आलेलं होतं.

पण माझी नोकरी भांडारातली आहे. दुसऱ्या टप्प्यात घेऊ म्हणून मागं ठेवलेली वस्तू पुढं कधी येत नाही, हे मला माहीत आहे. डिसेंबरात दुसरं काही निघालं असतं. ज्योत्स्नाचं दुखणं निघालं असतं, माझा रक्तदाब निघाला असता, एखादं स्थळ निघालं असतं, आणि पोरगी मागं राहिली असती, आनंदानं. मी धावड्याहून पहिल्यांदा नोकरीला निघालो तेव्हा दादा एस.टी.पर्यंत आले होते. आई आली नव्हती. ती, आमची मालनबाई, त्या दिवशीही लोकांच्या शेतात निंदायला गेली होती. एक दिवसाची मजुरी सोडवेना का हिला, असं वाटून मी गाडीत मनाशी रुसलो होतो. ती का आली नाही, हे मला बदनापूरच्या त्या बाकड्यावर कळलं. ती आली असती तर तिनं मला थांबवलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "पहिल्या बॅचनंच जायचं."

"पप्पा..."

"ठरलं म्हंजे ठरलं. मोबाईल बंद कर."

तिनं मोबाईल दप्तरात टाकला. मग समोरच्या रुळांकडं बघत म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात ड्युटी दिलीय मला. लोकांच्या आईबापाला उठवायचं, न्हाऊ घालायचं, घास भरवायचा. आन् तुमचं कोण करील?"

मी डब्याची पिशवी उचलली. मी म्हणालो, "आम्ही म्हातारे व्हायला लई टाईम हाय अजून," आणि उठून उभा राहायला गेलो, तर गुडघा धरल्यामुळं पुन्हा खाली बसलो. ती हसली. हसता हसताच रडायला लागली. फलाटावर रोजची ओळखीची माणसं होती. तिकीट तपासनीस मान वळवून बघत होता. सबंध बदनापुरात ताठ मानेनं वावरणाऱ्या माणसावर काय हा प्रसंग! मी घाईनं रुमाल काढून तिला दिला. त्याला ऑफिसच्या शिक्क्याची जांभळी शाई लागली होती, ती तिच्या गालभर पसरली. ते तिला सांगायचं मला सुचलं नाही आणि ती तशीच माझ्याबरोबर चौकातून घरी आली. दारात ज्योत्स्नानं विचारलं की हे काय लागलंय तोंडाला. मी चपला काढायला खाली वाकलो. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, पदर ओला केला आणि पोरीचा गाल पुसत राहिली. शाई गेल्यावरही ती पुसतच होती.

जहाज राहिलं. बद्रीनाथांनी फुकट कबूल केलेली बॅग मी मोठ्या हट्टानं विकत घेतली, आणि जन्मात पहिल्यांदा एकाही दरपत्रकाशिवाय काहीतरी खरेदी केलं. त्या बॅगेत स्वेटर गेले, मसाला गेला, बाबासाहेबांचा छोटा फोटो गेला. जुलैत दीपमालाही गेली. मुंबईच्या विमानतळावर दारातला शिपाई म्हणाला की तिकिटाशिवाय आत सोडता येत नाही. मी त्याला माझं सरकारी ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते दोन्ही बाजूंनी नीट बघून सलाम केला आणि परत दिलं, पण सोडलं नाही. काचेतून ती दिसत होती तोवर ज्योत्स्ना हात हलवत राहिली. दिसेनाशी झाल्यावर मी तिला चल म्हणालो, तर ती म्हणाली की थांबा, पोरगी मागं वळून बघंल एखाद्या वेळेस. आम्ही थांबलो. वळून बघितलं असेल तर ते आम्हाला दिसलं नाही.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाशामियाँ आणि मैमूनाभाभी आले. नुकताच दीपमालाचा फोन येऊन गेला होता. तिनं खोली दाखवली, खिडकी दाखवली, खिडकीतलं झाड दाखवलं. चित्र मधे मधे थिजत होतं. ज्योत्स्ना "जेवलीस का" एवढंच चारदा विचारत होती. मी पाशामियाँना सगळं सांगितलं आणि वर त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, की मोबाईल आहे ना पाशाभाई, अगदी समोर बसल्यासारखी वाटते.

मला वाटलं, आता ते मान डोलावून काहीतरी सांगतील. कुठल्या वेळी फोन करावा, कुठलं नेट चांगलं, पार्सलात काय पाठवावं. पण ते कप हातात धरून मधल्या भिंतीकडं बघत बसले. त्यांनी कपातला चहाही घेतला नाही. आत ज्योत्स्नापाशी मैमूनाभाभी बसल्या होत्या.

मग मीच विचारलं. ज्याला सगळ्या गोष्टी ठाऊक आहेत त्यालाच विचारायला हवं होतं. "पाशाभाई, सवय व्हायला किती दिवस लागतात हो?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"ते मला मालूम न्हाई, भाऊ," ते म्हणाले. "नदीमला जाऊन अकरा वर्सं झाली. मी बी वाटच बघून राह्यलो."